खुणेचं मेंढरू

आज गोष्ट शीची आहे. हसायचं असेल तेवढं आत्ताच हसून घ्या, कारण पुढे हसण्यासारखं फारसं नाही. तोंडात बोट घालण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. आणि गोष्ट लांबची नाही, आपल्याच शिरूर तालुक्यातली आहे, वढू बुद्रुकची.

वढू तुम्हांला ठाऊक आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. त्याच गावात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा एक ग्रामीण दवाखाना आहे. डॉ. बानू कोयाजी नावाच्या फार मोठ्या बाई केईएमचा कारभार पाहत. शहरातल्या रुग्णालयाचे दरवाजे कितीही उघडे ठेवले, तरी खेड्यातली बाळंतीण तिथवर पोचत नाही, तेव्हा दवाखान्यानंच खेड्यात जायचं, असं त्यांचं काम होतं. 1970 च्या दशकात त्यांनी वढूच्या आसपास हे काम उभं केलं आणि गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्याच्या कामाला लावलं. 1993 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे 2002 पासून केईएमच्या संशोधन केंद्रानं शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या 22 गावांत घरोघर फिरून नोंदी ठेवायला सुरुवात केली. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण लग्न होऊन आलं, कोण पोटापाण्यासाठी गाव सोडून गेलं. चित्रपट काढावा असं या कामात काही नाही. पण कुठल्या घरात किती आठवड्यांचं बाळ आहे हे ज्या दवाखान्याला पक्कं ठाऊक असतं, तोच पुढची गोष्ट घडवू शकतो.

आता शीकडे येऊ. लहान बाळाला जुलाब लागले की आपल्याकडे म्हणतात, दात येतायत, नाहीतर नजर लागली, नाहीतर आईचं खाणं बाधलं. डॉक्टर म्हणतात, जंतुसंसर्ग. तेही खरंच, पण कोणता जंतू? पातळ, पिवळट, आंबूस वासाच्या शीकडे बघून ते कुणालाच सांगता येत नाही. जुलाब करणारे जंतू पुष्कळ आहेत आणि बाहेरून सगळ्यांचा खेळ सारखाच दिसतो. 1973 पर्यंत तर निम्म्याहून जास्त बाळांच्या जुलाबाचं कारण डॉक्टरांनाही सापडत नव्हतं. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या रुथ बिशप आणि त्यांच्या सोबत्यांनी आजारी मुलांच्या लहान आतड्याचे बारीकसे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, आणि त्यांना आतड्याच्या पेशींत चाकाच्या आकाराचे विषाणू दिसले. त्याला पुढे रोटाव्हायरस म्हणू लागले.

हा विषाणू केवढा? एका मिलिमीटरच्या अंतरात दहा हजारांहून जास्त विषाणू ओळीनं बसतील एवढा. आपल्या लहान आतड्याला आतून बारीक लव असते आणि अन्नपाणी शोषून घेण्याचं काम ती लव करते. रोटाव्हायरस नेमका तिच्या शेंड्याच्या पेशींत शिरतो आणि त्या मारून टाकतो. मग प्यायलेलं पाणी शोषलंच जात नाही, येतं तसं निघून जातं. आजारी बाळाच्या एका ग्रॅम शीत दहा अब्जांपासून एक हजार अब्जांपर्यंत विषाणू असू शकतात, आणि दुसऱ्या बाळाला आजारी पाडायला शंभरसुद्धा पुरतात. हा हिशेब नीट मनात धरा. आईनं हात धुतले, पाणी उकळलं, तरी नखाच्या कडेला राहिलेला दिसणारही नाही असा कण पुरे होतो. म्हणूनच ज्या देशांत घरोघर स्वच्छ नळाचं पाणी आहे, तिथेही लस येण्याआधी जवळजवळ प्रत्येक मुलाला पाच वर्षांच्या आत हा आजार गाठायचाच. फरक एवढाच की तिथे सलाईन लावायला दवाखाना जवळ होता. 2013 या एका वर्षात भारतातली सुमारे 47 हजार मुलं रोटाव्हायरसनं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा अंदाज आहे.

लस हवी होती, आणि लसीची गोष्टही मोठी गोड आहे. 1985 च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये नुकत्याच जन्मलेल्या काही बाळांच्या शीत रोटाव्हायरस सापडला, पण बाळं ठणठणीत होती, एकालाही जुलाब नव्हते. डॉ. महाराज किशन भान यांनी ही विचित्र गोष्ट हातची सोडली नाही. आजारी न पाडता राहणारा विषाणू म्हणजे तयार लसच की! त्याला नाव मिळालं 116ई. पुढे त्याची जनुकं तपासली तेव्हा दिसलं की या विषाणूत माणसाच्या रोटाव्हायरसची जनुकं आहेत, पण एक जनुक गायीच्या रोटाव्हायरसचं आहे. रोटाव्हायरसची जनुकं अकरा सुट्ट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन जातींचे विषाणू एकदम शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. कधीतरी, कुठेतरी, माणसाच्या आणि गायीच्या विषाणूंची अशी गाठ पडली असणार. कोणत्याही प्रयोगशाळेनं काही न करता, आपोआप. गायी दारात बांधणाऱ्या आपल्या देशात हे घडावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

पण चांगली दिसणारी लस खरंच काम करते का, हे तपासायला हवं. ही मोठी परीक्षा 2011 मध्ये सुरू झाली. तीन ठिकाणी: दिल्ली, वेल्लोर आणि आपलं वढू. सहा-सात आठवड्यांची एकूण 6,799 बाळं. दर तीन बाळांतल्या दोघांना लस, एकाला तसंच दिसणारं पण विषाणू नसलेलं पाणी. कुणाला काय दिलं हे आईलाही ठाऊक नाही आणि थेंब पाजणाऱ्यालाही नाही. मग बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत त्याच्याशी दर आठवड्याला संपर्क ठेवायचा. जुलाब झाले की शी डबीत घ्यायची, डबी थंड ठेवायची आणि प्रयोगशाळेकडे धाडायची.

शी कशाला? जुलाब किती बाळांना झाले ते नुसतं मोजलं असतं तर?

इथेच सगळी मेख आहे, म्हणून जरा थांबू. समजा लस नसताना शंभर बाळं जोरदार जुलाबानं दवाखान्यात येतात. आपल्या देशात अशा शंभरांतली साधारण चाळीस रोटाव्हायरसची असत, बाकीची साठ इतर जंतूंची. आता लसीनं रोटाव्हायरसचे निम्मे आजार थांबवले. चाळीसचे वीस झाले. पण साठ तसेच राहिले, कारण त्या जंतूंशी या लसीचा संबंधच नाही. म्हणजे दवाखान्यात शंभरऐवजी ऐंशी बाळं येणार. गावातल्या माणसाला वाटणार, काय उपयोग झाला या थेंबांचा, पोरं तर अजून हगतायतच! निम्मा आजार पळवणारी लस डोळ्यांसमोर असून नापास ठरायची. ती पास की नापास हे ठरवायचं, तर प्रत्येक डबीतल्या शीत रोटाव्हायरस आहे की नाही एवढं एकच नेमकं सांगता आलं पाहिजे. आणि शीत काय नसतं? न पचलेलं दूध, पित्त, आतड्यातून सुटलेल्या पेशी, अब्जावधी जिवाणू, हजारो प्रकारची प्रथिनं. त्यात रोटाव्हायरसच्या मधल्या कवचाचं एक प्रथिन शोधायचं. त्याचं नाव व्हीपी6. विषाणूला तीन कवचं असतात, त्यांतलं हे मधलं. सगळ्यांत जास्त प्रथिन याच कवचात, आणि बाहेरचं कवच जातीजातींत बदललं तरी हे फारसं बदलत नाही. म्हणून शोधायला हेच सोयीचं.

सूक्ष्मदर्शकानं एकेक नमुना बघत बसलं तर दिवसभरात मोजकेच व्हायचे. ते काम झटपट करणारी चाचणी म्हणजे एलायझा.

तुम्ही पाटसच्या माळावर मेंढरं पाहिली आहेत. दोन-चार वाड्यांचे कळप चरता चरता एकमेकांत मिसळतात. आपल्याला सगळी मेंढरं सारखीच, पण धनगराला आपल्या मेंढराच्या कानाला कापलेली खूण दिसते. समजा, त्यानं काय केलं, तर गडी रांगेनं उभे केले आणि सांगितलं, आपल्या खुणेचंच मेंढरू धरा, दुसऱ्याला हात लावू नका. कळप त्यांच्यामधून सोडला. ज्याच्या हाती खुणेचं मेंढरू लागलं त्यानं ते घट्ट धरून ठेवलं, बाकीचा कळप पुढे हाकलून दिला. मग दुसरी टोळी आली. या गड्यांच्या हातात गेरूचा डबा आहे, आणि त्यांनाही तेच सांगणं आहे: धरलेल्या मेंढराची खूण स्वतः पारखा, आणि पटली तरच पाठीवर गेरूचा पट्टा ओढा. शेवटी लांबून तांबडे पट्टे बघितले की झालं. एलायझा म्हणजे हेच. मेंढराच्या जागी प्रथिन, आणि दोन्ही टोळ्यांच्या गड्यांच्या जागी प्रतिपिंडं, ज्यांना दवाखान्यात अँटिबॉडी म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, एवढा नेमका ओळखणारा गडी आणायचा कुठून?

तो जिवंत शरीरात घडतो, आणि सगळ्या गोष्टीत मला आवडणारी जागा हीच. ससा, बकरी, उंदीर, तुम्ही, मी, सगळ्यांच्या रक्तात प्रतिपिंडं असतात. प्रत्येक प्रतिपिंडाला दोन हात, आणि हातांच्या टोकाशी एक विशिष्ट आकाराची पकड. ज्या प्रथिनाचा आकार त्या पकडीत बसेल त्यालाच ते धरतं. तर मग जगात जेवढे जंतू तेवढ्या पकडी शरीराला बनवाव्या लागणार. जे जंतू शरीरानं कधी पाहिलेलेच नाहीत, त्यांच्यासाठीसुद्धा! आपल्या पेशीत प्रथिनांच्या कृती सांगणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास, आणि पकडी लागणार अब्जावधी. हे गणित बसायचं कसं? जपानमध्ये जन्मलेल्या सुसुमु तोनेगावा यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला काम करताना 1976 मध्ये ते सोडवलं. प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी जनुकांचे तुकडे आपापल्या मनानं निवडून जोडतात. एका पेशीनं हा तुकडा घेतला, दुसरीनं तो. जोडताना सांध्यावर थोडी कमी-जास्त अक्षरंही पडतात. थोड्याशाच तुकड्यांतून प्रत्येक पेशीची वेगळी पकड तयार होते. शरीर जंतूची वाट बघत बसत नाही, आधीच सगळ्या तऱ्हेच्या पकडी करून ठेवतं, आणि जी उपयोगी पडली त्या पेशीला वाढू देतं. तोनेगावांना 1987 चं नोबेल मिळालं. उंदराला व्हीपी6 टोचलं की त्याच्या शरीरात आधीपासून असलेली, ती पकड करणारी पेशी वाढायला लागते. अशी एकच पेशी वेगळी काढून, न मरणाऱ्या पेशीशी तिचा संयोग करून, एकाच पकडीची प्रतिपिंडं हवी तेवढी मिळवायची युक्ती 1975 मध्ये केंब्रिजला जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी काढली. त्यांनाही नोबेल मिळालं.

आता प्रत्यक्ष काम बघा. तळहाताएवढी प्लॅस्टिकची प्लेट असते, तिला आठ बाय बारा असे 96 खळगे. प्रत्येक खळग्यात पहिल्या टोळीची प्रतिपिंडं घालून ठेवली की ती प्लॅस्टिकला आपोआप चिकटून बसतात. प्रथिनांना प्लॅस्टिक आवडतं म्हणा ना. पण मग शीतलं दुसरं कुठलंही प्रथिनसुद्धा उरलेल्या मोकळ्या जागी चिकटेल आणि घोळ करेल. त्यावर उपाय म्हणून मोकळी जागा आधीच दुसऱ्या निरुपद्रवी प्रथिनानं भरून टाकतात. कशानं? पुष्कळ प्रयोगशाळांत साय काढलेल्या दुधाच्या पावडरीनं! दूध विकून संसार चालवणाऱ्या आपल्या गावांनी हे ऐकलं तर त्यांना बरं वाटेल.

मग पातळ केलेली शी, दोन थेंब. थोडा वेळ थांबायचं. मग धुवायचं. पुन्हा धुवायचं, पुन्हा धुवायचं. नव्या मुलामुलींना हे धुणं कंटाळवाणं वाटतं, आणि तिथेच चाचणी बिघडते. धुणं कमी पडलं तर नको ते मागे राहतं आणि खळगा उगाच रंगतो. मग दुसरी टोळी, म्हणजे रंगाची सोय बरोबर आणणारी प्रतिपिंडं, आणि पुन्हा धुणं.

गेरूच्या डब्याचं मात्र खास आहे. या प्रतिपिंडांना रंग लावलेला नसतो, एक विकर जोडलेलं असतं, म्हणजे एन्झाइम. बहुधा ते हॉर्सरॅडिश नावाच्या मुळातून काढतात. आपल्या मोहरीच्या आणि मुळ्याच्या कुळातलं ते विलायती मूळ, नाकातून पाणी काढणारं. आपल्याकडे आलेले इंग्रज त्याच्या आठवणीनं शेवग्याचं तिखट मूळ किसून खायचे. या विकरापुढे एक बिनरंगी द्रव घातला की ते त्याचा निळा रंग करतं, आणि एक रेणू करून थांबत नाही, करतच राहतं. मूळ प्रथिन डोळ्यांना दिसणं अशक्य, पण एकेका विकरानं हजारो रेणू रंगवल्यावर खळगा निळा दिसायला लागतो. ठरलेल्या वेळी त्यात आम्लाचा थेंब टाकला की काम थांबतं आणि निळ्याचा पिवळा होतो. यंत्र त्या पिवळ्यातून उजेड सोडतं आणि किती अडला ते आकड्यात सांगतं. जास्त प्रथिन, गडद पिवळा, मोठा आकडा.

नुसता आकडा मिळून भागत नाही. किती पिवळा म्हणजे किती प्रथिन? त्यासाठी प्लेटच्या एका बाजूच्या खळग्यांत माहीत असलेल्या मापाचं शुद्ध प्रथिन घालतात: आधी पुरं, मग निम्मं, मग त्याच्या निम्मं, असं उतरत्या मापानं. त्यांच्या रंगाचा आलेख काढायचा आणि आपल्या नमुन्याचा रंग त्यावर कुठे बसतो ते पाहायचं. रोटाव्हायरससारख्या कामात एवढं मोजमाप लागत नाही, आहे की नाही एवढं पुरतं. म्हणून नक्की विषाणू असलेला एक खळगा आणि नक्की नसलेला एक खळगा प्रत्येक प्लेटवर ठेवतात. नसलेला खळगा पिवळा झाला तर त्या प्लेटचे सगळे आकडे टाकून द्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. शहाण्या प्रयोगशाळेची परीक्षा इथे होते, असं मला वाटतं.

ही युक्ती सुचली कुणाला? पाया घातला न्यू यॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सोलोमन बर्सन यांनी. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही माणसांच्या शरीरात इन्शुलिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, असं त्यांनी सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. एवढ्या छोट्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड होऊच शकत नाही, असं म्हणत त्यांचा लेख परतसुद्धा आला होता. त्यांनी मग त्याच प्रतिपिंडांनी रक्तातलं इन्शुलिन मोजून दाखवलं. खुणेसाठी त्यांनी किरणोत्सारी आयोडीन वापरलं. बर्सन 1972 मध्ये वारले, यॅलोंना 1977 मध्ये नोबेल मिळालं. पण किरणोत्सारी द्रव्य तालुक्याच्या प्रयोगशाळेत कोण सांभाळणार? 1971 मध्ये स्वीडनमध्ये एव्हा एंगव्हाल नावाच्या तरुण विद्यार्थिनीनं, आपले गुरू पीटर पर्लमान यांच्यासह, किरणोत्साराच्या जागी विकर बसवलं. त्याच सुमाराला नेदरलँड्समध्ये शूर्स आणि व्हान वीमेन यांनीही स्वतंत्रपणे तेच केलं. 1977 मध्ये अमेरिकेच्या रॉबर्ट योल्केन यांनी ही चाचणी बाळांच्या शीतल्या रोटाव्हायरसला लावली. वढूच्या डब्यांपर्यंत येणारी वाट अशी तीन देशांतून आली.

निकाल 2013 च्या मे महिन्यात जाहीर झाला. रोटाव्हायरसचा गंभीर आजार लस मिळालेल्या बाळांत 53.6 टक्क्यांनी कमी होता. कुणी म्हणेल, निम्माच? ज्या आजारानं वर्षाला हजारो पाळणे रिकामे केले, त्यातला निम्मा पळवणं थोडं नव्हे. 2016 पासून ही लस सरकारी लसीकरणात यायला लागली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनंही आपली वेगळी रोटाव्हायरस लस केली. महाराष्ट्रात 2019 पासून बाळांना सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला रोटाव्हायरसची लस तोंडानं देतात. घरात धाकटं भावंड असेल तर त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर त्या तीन तारखा असतील, उद्या आईला दाखवायला सांगा.

हीच 96 खळग्यांची प्लेट गोठ्याच्याही कामाला येते. दौंडकडच्या दुधाच्या गोठ्यात सगळ्यात मोठी काळजी कोणती? गाय भरवली, पण गाभण राहिली का? हात घालून तपासायला दोन-अडीच महिने थांबायचं, आणि राहिली नसली तर तेवढे दिवस वैरण फुकट गेली. गर्भाची वार एक खास प्रथिन तयार करते, ते गायीच्या रक्तात आणि दुधात उतरतं. गाय भरवल्यापासून 28 दिवसांनी एलायझानं ते सापडतं. दुधावर तपासायचं तर सुईसुद्धा टोचावी लागत नाही. एकच सांभाळायचं: गाय व्याल्यावरही जुन्या वारेचं प्रथिन साधारण साठ दिवस अंगात रेंगाळतं, आणि प्रतिपिंडाला प्रथिन कळतं, ते कोणत्या गर्भाचं हे कळत नाही. म्हणून दुधाच्या बाटलीबरोबर जी चिठ्ठी द्यायची, तिच्यावर गाय कधी व्याली आणि कधी भरवली, या दोन्ही तारखा लिहायच्या.